यंदाचा कुसुंब

मोपा विमानतळाच्या दारात बाबांनी मला निरोप दिला तो संशयानेच. जर्मनीतल्या हॉस्पिटलने नर्सची नोकरी दिल्याचं पत्र त्यांना शेवटपर्यंत खरं वाटलं नव्हतं. "कुसुंब तांबडो जालो की कळयतां," एवढंच म्हणाले. 'घरी ये' असं ते कधीच कुणाला म्हणत नाहीत.

हा कुसुंब गोव्यात, मये गावात आमच्या घरामागे आहे. शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या सुमारास त्याला तांबडी पालवी फुटते. पाऊस पुरता सरण्याआधीच एखाद्या आंब्याला मोहोर आला, तर बाबा त्याला 'फटकिरो', म्हणजे लबाड म्हणायचे. वेळेआधी आलेल्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

इथल्या, जर्मनीतल्या पहिल्या हिवाळ्यात बसस्टॉपजवळचं बीचचं झाड मला मेलेलंच वाटलं. आत हिरवं आहे का ते पाहायला मी नखाने साल खरवडली, तेव्हा शेजारी उभ्या बाईने मला वेड्यात काढलं असणार. फेब्रुवारीत आठवडाभर ऊन तापलं. कुंपणाची झुडपं लगेच पालवली, बीच मात्र हलेना. सोबतच्या नर्सने सांगितलं, याला नुसती ऊब पुरत नाही, दिवसही पुरेसा मोठा व्हावा लागतो. पुढच्याच आठवड्यात हिम पडलं आणि झुडपांची पानं काळी पडली. बाबांना हे झाड आवडलं असतं.

म्हणून यंदा जानेवारीतच त्यांचा फोन आला, "कुसुंब तांबडो जालो गो," तेव्हा मी सावध झाले. गर्मी लवकर आली, म्हणाले. गर्मी आली असेल, पण दिवस तर अजून आखूडच होता. मी फोटो मागितला. फोटोत झाड लालभडक होतं आणि खाली त्यांची निळी स्कूटर उभी होती. ती तर त्यांनी दिवाळीला विकली होती. पेट्रोल परवडत नाही म्हणून, असं मला सांगितलं होतं. तेही आता मला खरं वाटेना. मी रजा टाकली.

घरी पोचले तर मागीलदारी कुसुंबावर जुनीच पानं होती. बाबा भिंत चाचपत बाहेर आले. मी समोर उभी असूनही त्यांनी विचारलं, कोण?

"बाबा, यंदाचा कुसुंब फटकिरो," मी म्हटलं.

"कुसुंब न्हय गो, हांव," ते स्वतःच्या छातीवर बोट ठेवत म्हणाले. "दोळ्यांचें ऑपरेशन सांगलां. भियेलों."

मला रडू आलं, आणि रागही.

डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मी रजा वाढवून घेतली. शिगम्याआधी एका सकाळी बाबांनीच हाक मारली, "कुसुंब तांबडो जालो गो!" मी सवयीने आधी झाडाकडे पाहिलं. या वेळी ते खरं बोलत होते.

तिकडे गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, जर्मनीत परतल्यावरही घरचा फोन आला की मी अजून संशय घेते. आता फक्त 'सगळं ठीक आहे' याचा घेते. बाबांना 'ये' म्हणता येत नाही, पण त्यांनी जानेवारीत पालवी आणली. माझ्यासाठी अशी लबाडी करणारं माणूस जिथे आहे, माझं घर आता तेच आहे.