सहावी बकरी

लिहिण्याचा मला काय अधिकार? आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेतही गेले नव्हते. वाचकांनी क्षमा करावी.

कॉलेजच्या सुट्टीत मी मंगरूळपीरजवळच्या आमच्या गावी होतो. चार वर्षांच्या बहिणीला आई चिंचोके मांडून मोजायला शिकवी, आणि संध्याकाळी दारात परतलेल्या बकऱ्याही तिच्याकडून मोजून घेई. बकऱ्या पाच होत्या. एके दिवशी बहीण म्हणाली, "सहा."

"सहावी कोनती वं?" मी हसलो.

"थे काय, बोरीखाली बसून राह्यली. मलेच पाहते."

बोरीच्या जाळीत मला नुसता अंधार दिसला. बकऱ्या मात्र अंग चोरून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशीही सहाच झाल्या.

"पोरीले बाहेरचं लागलं," आई म्हणाली आणि तिला दर्ग्यावर नेऊन आली. तरी आकडा सहाच. मी धास्तावलेल्या मनानेच अमरावतीला परतलो.

महिन्याभराने गावचा गाडीवान कापूस घेऊन आला.

"भाऊ, तुमी गेल्यावर एका सांजेले पोरीनं पाच मोजल्या. माय खूश झाली. मंग पाहते तं बकऱ्या चारच! पाचवा बिबट होता, मेलेल्या बकरीवर बसून राह्यला होता. मायनं पोरीले उचलून दार लावलं. पोरगी खुशाल हाय."