पार्लमेंटात आजारी पडलेले मास्तर

माझ्या ओळखीचा विलायतेतला पार्लमेंटचा मेंबर एकच. त्याच्या कृपेने मला बढती मिळाली आणि माझ्या मास्तरांची नोकरी कायमची गेली. माणूस भला होता, हे आधीच सांगून टाकतो. वाईट माणसाच्या हातून एवढं नुकसान झालं नसतं, कारण त्याला तेवढी कळकळच नसते.

हे मेंबरसाहेब एका थंडीत सोलापूरच्या गिरण्या पाहायला आले. मी सरकारी कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहाराचा कारकून होतो, म्हणून दुभाष्या म्हणून मला त्यांच्याबरोबर दिलं. ते कुणाशी काय बोलले, ते संध्याकाळी कचेरीत येऊन सांगायचं, हेही माझ्याकडेच होतं. चार दिवसांत त्यांनी मला आपली सगळी जन्मकथा ऐकवली. बाराव्या वर्षी गिरणीत गेले, रात्रीच्या वर्गात शिकले, मजुरांच्या संघाचे चिटणीस झाले. दोनदा निवडणुकीत आपटले आणि तिसऱ्यांदा निवडून आले. पहिल्या दिवशी सभागृहाकडे जायची वाट सापडेना, तेव्हा दारवानाने हाताला धरून नेऊन बसवलं, असं ते हसत सांगत.

गिरणीत एका मागावर ताण्याचा धागा तुटला. साहेबांनी कोट माझ्या हातात दिला, बाह्या वर सारल्या आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारून माग चालू केला. मागवाला बघतच राहिला. "ह्यो सायेब आपल्यातलाच हाय की!" तो म्हणाला. मी भाषांतर केलं, तर साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. निघताना स्टेशनवर त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, "कुठं अन्याय दिसला तर मला लिहा. मी सभागृहात प्रश्न विचारीन."

अन्याय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. मला इंग्रजी शिकवणारे मास्तर आमच्याच गल्लीत राहत. सरकारी शाळेत पंचवीस वर्षं त्यांनी इंग्लंडचा इतिहास इतक्या भक्तीने शिकवला होता, की पार्लमेंट हे त्यांचं कुलदैवतच म्हणावं. एकदा वर्गात ते सांगत होते, की तिकडे राजाच्या दिवाणालाही लोकांचा माणूस उभा राहून जाब विचारतो. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मग हितं कोण इचारतं, मास्तर?" मास्तर म्हणाले, "आधी विचारायला शिका, मग विचाराल." त्या दिवशी वर्गात इन्स्पेक्टर बसलेले होते. आठवड्याच्या आत मास्तर सस्पेंड झाले.

माफीनामा लिहून द्या, असं त्यांना सांगण्यात आलं. मास्तर म्हणाले, "पार्लमेंटाची माफी मागेन. मी त्याच्याविषयी कमी सांगितलं." मला त्यांचा फार अभिमान वाटला. अभिमान फुकट असतो, चूल त्यांची बंद पडत होती. मी मेंबरसाहेबांना सविस्तर पत्र लिहिलं, माझं नाव कुठे येऊ देऊ नका अशी विनंती केली आणि सोलापूरचा शिक्का नको म्हणून कुर्डुवाडीला जाऊन टपालात टाकलं. माझं शौर्य तिथवर पोचलं, पुढे गेलं नाही.

साहेब शब्दाला जागले. त्यांनी भर सभागृहात मास्तरांचं नाव घेऊन प्रश्न विचारला. प्रश्नाचा कागद लंडनहून दिल्लीला, दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून पुण्याला असा उतरत आमच्या कचेरीत आला. प्रत्येक मुक्कामी त्याच्यावर 'चौकशी करून कळवावे' असा एकेक शेरा चढला होता. इंग्रजी मसुदे माझ्याकडे असल्यामुळे तो अखेर माझ्याच टेबलावर येऊन पडला. प्रश्न मीच विचारलेला आणि आता उत्तरही मीच द्यायचं होतं.

आमचे हेडक्लार्क पानाला चुना लावत म्हणाले, "लिहा, सदर शिक्षक प्रकृतीच्या कारणास्तव घरी आहेत."

"पण त्यांना साधं पडसंसुद्धा नाही," मी म्हणालो.

"लंडनहून कोण नाडी बघायला येतंय?"

मी लिहिलं. खालच्या बाजूला माझी सही-खूण केली. नाही म्हणता आलं असतं, पण म्हटलं नाही. त्या दिवशी माझं इंग्रजी फार सुरेख उतरलं होतं. त्याच मसुद्यावर पुढे मला बढती मिळाली.

मसुदा वाचून झाल्यावर हेडक्लार्कनी खणातून दुसरा एक कागद काढला. मास्तरांना पहिल्या तारखेपासून कुर्डुवाडीच्या शाळेत पुन्हा रुजू करण्याचा तो हुकूम होता. वरिष्ठांचा राग निवळला होता, फक्त सही व्हायची राहिली होती. "आता हा फाडायला हवा," ते म्हणाले. "पार्लमेंटला कळवलेला आजारी माणूस शाळेत कसा पाठवायचा?" करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे मी ऐकून होतो. त्या कागदाचे चार तुकडे झालेले पाहिले तेव्हा ते मला कळलं.

संध्याकाळी मी मास्तरांकडे जाऊन सगळं कबूल केलं. पहिल्यांदा ते नुसते उजळले. "पार्लमेंटात माझं नाव निघालं?" त्यांनी दोनदा विचारलं. मास्तरीणबाई आतून म्हणाल्या, "नाव निघालं, आता नोकरी कधी निघते ते विचारा त्याला."

दोन महिन्यांनी मास्तरांच्या नावाने विलायतेचं पत्र आलं. मंत्र्यांच्या उत्तराने आपलं समाधान झालं आहे, असं साहेबांनी लिहिलं होतं. मास्तरांच्या आजाराची आपल्याला कल्पना नव्हती, तरी त्यांनी काही दिवस समुद्रकाठी हवापालट करावा, अशी सूचनाही होती. सोलापुरातून समुद्र गाठायला एक रात्र आगगाडीत काढावी लागते, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. शेवटी आनंदाची बातमी होती. त्यांचा पक्ष आता सत्तेवर येत होता आणि त्यांना एक छोटं मंत्रिपद मिळणार होतं. यापुढे प्रश्नांची उत्तरं ते स्वतः देणार होते.

पुढल्या जूनमध्ये गावातल्या एका खाजगी शाळेचे दोन चालक मास्तरांकडे आले. इंग्रजी शिकवायला त्यांना मास्तरच हवे होते. मी तिथेच बसलो होतो. मला वाटलं, सुटलो बुवा! मास्तरांनी हात जोडले आणि म्हणाले, "प्रकृती साथ देत नाही."

चालक गेल्यावर मी भडकलो. हा कसला हट्ट म्हणून त्यांच्यावर ओरडलो. मास्तरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मास्तर शांतपणे म्हणाले, "मी उद्या धडधाकट वर्गात उभा राहिलो, तर पार्लमेंटला खोटं कुणी कळवलं ते शोधतील. त्या कागदावर सही तुझी आहे."

यावर मी काय म्हणायला हवं होतं, ते मला त्या दिवशीही ठाऊक होतं. नोकरी गेली तर जाऊ दे, तुम्ही शाळेत जा, एवढंच. मास्तर वाट पाहत होते. बाईही पाहत होत्या. मी उठलो, टोपी घातली आणि म्हणालो, "मग प्रकृतीला जपा, मास्तर."