सुनंदाच्या प्रोग्रॅममधल्या दोन ओळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बारामतीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचो. सुनंदाही शिकवायची. ती पळसदेवची, बारामतीत मामांकडं राहायची. पोरगी घर सोडून नोकरी करते म्हणून गावात कुजबुज होती. वडील मात्र तिच्या बाजूनं उभे होते. इंटरनेटची पानं बनवायला आम्ही दोघं बरोबरच शिकलो. ती माझ्या पुढं गेली. ते मला खुपायचं का? हो. खुपायचं.

इंदापूरकडच्या एका द्राक्षबागायतदारांनी – सगळे त्यांना तात्या म्हणायचे – परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी वेबपेज करायला सांगितलं. द्राक्षाच्या नावावर क्लिक केलं की चौकटीत माहिती उघडायची. पण चौकट उंच झाली की मजकूर खालच्या फोटोवर चढायचा. आम्ही तिथंच अडून बसलो होतो. वाट सुनंदानं काढली. तिचा प्रोग्रॅम सतत त्या चौकटीची उंची मोजत राहायचा आणि ती बदलली की फोटो तेवढाच खाली सरकवायचा. क्लास चालवणारे सर खूश झाले. "पोरीनं डोकं चालवलं," म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले.

मग मी काय केलं? तात्या पान बघायला येणार त्या दिवशी, ती जेवायला गेली असताना, मी तिची फाइल उघडली. मजकूर फोटोला फार चिकटतोय असं मला वाटत होतं. उंची बदलली की चौकट खालून आणखी जराशी वाढवायची – अशा दोन ओळी मी घातल्या. माझाही हात त्यात असावा, इतकंच हवं होतं. चालवून बघितलं का? नाही. जिन्यावर तिची पावलं वाजली – मी फाइल बंद केली.

तात्या आले, सोबत त्यांचा मुलगा. सुनंदानं क्लिक केलं. चौकट वाढली. वाढली म्हणून माझ्या ओळींनी ती आणखी वाढवली. पुन्हा उंची बदललेली दिसली, पुन्हा वाढवली – त्याला अंतच नव्हता. फोटो घसरत घसरत पडद्याखाली गेला. मग मशीनच अडकलं.

"आरं, थांबवा की ह्येला!" तात्या म्हणाले. मुलगा हसला. सरांची मान खाली गेली.

पाहुणे गेल्यावर सुनंदानं फाइल उघडली. तिला लगेच सापडलं.

"सर, ह्या दोन ओळी माझ्या न्हायत," ती म्हणाली. आणि माझ्याकडं बघितलं – रागानं नाही. ती वाट बघत होती.

सरांनी मला विचारलं, "तू हात लावला होतास?"

"नाही," मी म्हणालो.

एवढंच. सर तिला म्हणाले, "चूक झाली तर झाली. ती दुसऱ्याच्या गळ्यात कशाला घालतेस?" ती रडली नाही, भांडली नाही. पुढच्या आठवड्यापासून आली नाही. मामांचा निरोप आला, पोरगी गावी गेली म्हणून. खोटारडी ठरून गेलेल्या मुलीला तिथं काय काय ऐकावं लागलं असेल? सुरुवातीला मी विचार करायचो. मग सोडून दिला.

मी माझ्याच ओळी पुसल्या, पान नीट चालू लागलं, सरांनी पाठ थोपटली. पुण्यात नोकरी मिळाली ती तेच पान दाखवून.

पुढच्या वर्षी इंदापूरच्या एसटी स्टँडवर ती दिसली, वडिलांबरोबर. इथं टायपिंग शिकवते म्हणाली. कॉम्प्युटरचं तिनं काही काढलं नाही, मीही नाही.

"आबा, हे आमच्या क्लासमधले," एवढीच तिनं ओळख करून दिली.

आबांनी माझा हात धरला. "मग तुमी तिथंच हुता की. तुमीच सांगा पाव्हणं, माझ्या पोरीनं खोटं बोलायचं काय कारण हुतं?"

सुनंदा गाड्यांकडं बघत उभी होती.

"माझी गाडी लागलीय," मी म्हणालो, हात सोडवला आणि जाऊन बसलो. गाडी सुटायला अजून पुष्कळ वेळ होता.