कपाळावरचा हात
राखेच्या बुधवारी कपाळाला लावायच्या राखेसाठी काल चर्चमागे गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळल्या. तो कडवट धूर नाकात गेला आणि लहानपणीचा एक बुधवार आठवला. थोरल्या भावाची होडी बुडून महिनाही झाला नव्हता. चिऱ्याच्या भिंतींपलीकडे समुद्र गाजत होता आणि रांगेत मी बाबांच्या पुढे उभी होते. राखेने माखलेला अंगठा पुढे करत फादर म्हणाले, “तू माती आहेस, मातीलाच मिळशील…” तोच बाबांनी मागून आपला तळवा माझ्या कपाळावर दाबला. जाळी ओढून खरखरीत झालेला, माशांचा वास येणारा तळवा. “हिला नको, फादर. पोरगा नेलान त्याने, पुरे झालं.” फादर हळूच म्हणाले, “सगळी त्याचीच आहेत रे.” “असतील. ही माझी आहे.” रांग खोळंबली, पण हात हलेना. शेवटी फादरांनी बाबांच्या हातावरच राखेचा क्रूस काढला. पुढे दर वर्षी तसंच होत राहिलं, अगदी माझं लग्न झाल्यावरही. यंदा बाबा नाहीत. आज राख थेट कपाळाला लागली. ती इतकी गार असते, हे मला ठाऊकच नव्हतं.