ओट्याखाली सोडलेली गाडी

खेळण्यांच्या दुकानदाराने विचारलं, "नातवासाठी का, काका?"

"नाही. मला."

तो हसला. मला हसू आलं नाही. रिमोटवर चालणारी, मोठ्या चाकांची गाडी मला हवी होती आणि तिच्यावर कॅमेरा बसवायचा होता. चारकोपच्या आमच्या बैठ्या सोसायटीत यावरून बरंच बोललं जातं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असंही. बोलोत. झालं ते असं.

आमच्याकडे चौकाभोवती खोल्या आहेत. दारापुढच्या गटारावर लाद्या टाकून प्रत्येकाने ओटा केला आणि पुढे ओट्यावर भिंती उचलून तो घरात घेतला. मीही घेतला. माझा ओटा इतरांपेक्षा रुंद होता, त्याला मधे टेकू लागत होता. मी कारखान्यात फिटर. कोणाला विचारायची गरज वाटली नाही. गटाराच्या मधोमध विटांचा खांब उभा केला. पाणी दोन्ही बाजूंनी निघून जाईल असं धरून चाललो.

गेलं नाही. त्याच वर्षी गटार तुंबलं आणि वरच्या अंगाच्या पाच घरांत घाण पाणी शिरलं. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. शेजारी एक मालवणी बाई राहायची. नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, ती मासळीच्या जेवणाचे डबे करून घर चालवायची. सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "खवले गटारात जातात, दुसरं काय होणार?" हे बोलताना मला तो खांब आठवत होता. पूर्ण आठवत होता.

खवले कागदात बांधून कचऱ्याच्या डब्यात टाकते, असं ती सांगत राहिली. कोणी ऐकलं नाही. डबे बंद झाले. तिच्या दारावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावू लागले; ज्यांच्या घरी दर बुधवारी बांगडे तळले जायचे तेसुद्धा. शेवटी ते कुटुंब मानखुर्दला निघून गेलं.

यंदा सोसायटीने ठरवलं, जुनं गटार डेब्रिस टाकून बुजवायचं आणि नवा पाइप चौकातून न्यायचा. म्हणजे माझा खांब कायमचा गाडला जाणार आणि खवल्यांची गोष्ट तेवढी उरणार. मी चेअरमनला सगळं सांगितलं. माझ्या मुलाच्या वयाचा आहे तो. "काका, इतक्या वर्षांपूर्वीचं तुम्हाला काय नीट आठवणार? जाऊ द्या ना."

ओट्यावर आता आमचं स्वयंपाकघर उभं आहे, ते फोडता येत नाही. खाली माणूस शिरत नाही. राहिली गाडी.

पहिल्यांदा तिच्यावर मोबाइल उभा बांधला. वजन वर गेलं आणि गाडी दारातच उलटली. मग तिचा वरचा प्लास्टिकचा टप काढून टाकला, घरात लावतात तसला छोटा कॅमेरा आणला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी खाली, चाकांच्या मधे आवळला. बाजूला बारकी टॉर्च. मागे नायलॉनची दोरी. पाइपात काहीही सोडायचं तर मागे दोरी बांधायची, हे कारखान्यात हाडात मुरलेलं.

बायको दारात उभी राहून बघत होती. "आता भोंगा पण बसवा."

"तू टॉर्च लागली का बघ."

"लागली. आणि तुमची वाट पण लागणार आहे, सांगून ठेवते."

गटार त्या दिवसांत कोरडं होतं. गाडी लादीखाली गेली, दहा-बारा फुटांवर रिमोट चालेनासा झाला. दोरीने ओढून काढली. कॅमेऱ्यात फक्त गाडीचं पुढचं चाक आलं होतं. कॅमेरा वर उचलून बांधला आणि दुसऱ्या टोकाच्या चेंबरमधून गाडी सोडली. या बाजूने खांब जवळ होता. या वेळी सगळं आलं. माझ्या विटा, माझं सिमेंट, आणि खांबाला अडून वर्षानुवर्षं साचलेला गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या, नारळाच्या शेंड्या.

तो व्हिडिओ घेऊन मी मानखुर्दला गेलो. तिने दार उघडलं, मला ओळखलं, बसा म्हणाली नाही. मी उभ्या उभ्या मोबाइल पुढे केला. तिने शेवटपर्यंत पाहिलं.

"ह्यां माका कित्याक दाखवतास, भावजी? मी खवले टाकूक नाय, ह्यां माका म्हाईत नाय काय? ज्येंका सांगितल्यात, त्येंका दाखवा."

माफी मागायची म्हणून मी जे घोकून गेलो होतो ते तोंडातच राहिलं. दार लागलं.

रविवारच्या सभेआधी मुलगा म्हणाला, "बाबा, अख्ख्या चौकात आपलं हसं होईल. आम्हाला इथेच राहायचंय."

"तिलाही इथेच राहायचं होतं," मी म्हटलं.

घरातला टीव्ही मी चौकात नेऊन खुर्चीवर ठेवला. व्हिडिओ लावला आणि खांब कोणी बांधला, खवले कोणी टाकले नाहीत, हे मोठ्याने सांगितलं. कोणीतरी म्हणालं, "आजोबा, विषयपत्रिकेत नाही हे." मी पुन्हा पहिल्यापासून लावला. मागून एक बाई म्हणाली, "तिचा डबा मीच पहिला बंद केला होता."

आताची सेक्रेटरी एक तरुण मुलगी आहे, हुशार. इतिवृत्ताच्या वहीत तिने लिहिलं, 'एका ज्येष्ठ सभासदाने जुन्या गटाराबाबत माहिती दिली.' मी वही मागून घेतली. चेअरमन हात आडवा घालत म्हणाला, "काका, अशी खाडाखोड करता येत नाही."

"मग खाली लिहितो."

आणि लिहिलं. माझं नाव, खोली नंबर, खांब. खाली तिचं पूर्ण नाव आणि तिने गटारात काहीही टाकलं नव्हतं, हे. मी खोटं बोललो, हेही. सही केली. पान फाडायचं असेल तर फाडा म्हटलं, फोटो काढून मानखुर्दला पाठवला आहे.