चारशे सतरा नंबरची बाटली

कुंभकोणमच्या बाहेरून जाणाऱ्या रस्त्यावर एक खासगी प्रयोगशाळा आहे. वसंता तिथे बावीस वर्षं नोकरीला होती. तिचं काम माशांच्या खोलीत. कारखान्यांकडून रसायनांच्या बाटल्या यायच्या, आणि त्यातलं रसायन पाण्यात किती मिसळलं म्हणजे निम्मे मासे मरतात, हे चार दिवसांत शोधून काढायचं. काचेच्या सहा टाक्या मांडायच्या. पाच टाक्यांत रसायन चढत्या प्रमाणात, सहावीत नुसतं पाणी. प्रत्येकीत दहा मासे सोडायचे, आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेले. मग दर दिवशी ठरल्या वेळी मोजायचं. एखादा मासा हलेनासा झाला की काचेच्या कांडीने त्याच्या शेपटीच्या मुळाशी हळूच शिवायचं. तरी हलला नाही, तर तो मेला असं लिहायचं आणि जाळीने काढायचा.

पहिल्या वर्षी तिला या कामाने जेवण जाईना. घरी नवरा त्यागराज म्हणायचा, "इतकं मनास लावून घेतेस तर सोड की गे. दुसरं काय मिळेना होय?" त्या घरात मराठी बोलत ती अशीच, जुन्या वळणाची, तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेल्या माणसांची, मध्ये मध्ये तमिळ मिसळलेली. दाराबाहेर पाऊल पडलं की मग सगळं तमिळच.

वसंताने काम सोडलं नाही, त्याला कारण मणी.

मणी तिरुनीलक्कुडीचा. त्याचं गावाबाहेर एक तळं होतं, कालव्याच्या पाण्यावर भरणारं, आणि त्यात तो केंडै, म्हणजे साधा कार्प मासा, वाढवायचा. प्रयोगशाळेला लागणारी बोटभर लांबीची पिल्लं तोच पुरवायचा. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या मोपेडच्या मागे बांधून तो दर पंधरवड्याला सकाळी यायचा, पिशव्या व्हरांड्यात ठेवायचा आणि माशांच्या खोलीत कधी पाऊल टाकायचा नाही. वसंतापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. ती त्याला मणी अण्णा म्हणे, तो तिला वसंताम्मा.

ओळख नवी असताना एकदा त्याने विचारलं होतं, "वसंताम्मा, मी ही लेकरासारखी वाढवतो. तुम्ही ती मारता. का मारता, एवढं सांगा. मग परत विचारणार नाही."

वसंता तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. ती म्हणाली, "तुमचे दहा इथे मेले की आम्हाला कळतं, काय नदीत सोडायचं नाही. इथे दहा मरतात, म्हणून तिथले वाचतात अण्णा."

मणीने मान डोलावली. त्यानंतर त्याने खरंच कधी विचारलं नाही. पण गावात कोणी टोकलं, की मासे मरायला देतोस म्हणून, तर तो तेच वाक्य जसंच्या तसं सांगायचा. त्याची बायको शिवकामी वसंताला एकदा हसत म्हणाली होती, "तुम्ही म्हणालात ते यांनी मंत्रासारखं पाठ केलंय." खरं म्हणजे वसंताही त्या वाक्यावरच जगत होती. माणसाला रोज मरण मोजायचं तर हाताशी असं काहीतरी लागतं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एक बाटली आली. बाटलीवर फक्त नंबर, चारशे सतरा. कोणाची, कशासाठी, हे प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सेतू सरांच्या कपाटात. वसंताने झाकण उघडलं तर लिंबाच्या साबणाचा वास आला, आणि त्याच्या खाली रॉकेलसारखा काहीतरी. धातूवरचं तेल काढायचं द्रावण असणार, एवढा अंदाज तिला आला.

पहिल्या दिवसाच्या मोजणीलाच पाची टाक्या साफ. अगदी कमी प्रमाणाच्या टाकीतही एक मासा जिवंत नव्हता. कल्ल्यांवर पांढरा चिकट थर. सहाव्या टाकीतले दहाच्या दहा मात्र मजेत फिरत होते, म्हणजे पाण्यात दोष नव्हता. तिने प्रमाण दहापट उतरवून चाचणी पुन्हा लावली. चौथ्या दिवशी आकडा हाती आला: लिटरभर पाण्याला अर्धा मिलिग्रॅम.

"सर, हे वापरतात कुठे?" तिने सेतू सरांना विचारलं.

"ते गिऱ्हाइकाचं काम. आपण अहवाल द्यायचा. करारावर तुमचीही सही आहे, वसंता मॅडम. बाहेर बोलायचं नाही."

सर वाईट माणूस नव्हते. नियमाने चालणारे होते. अहवाल गेला.

सप्टेंबरमध्ये वसंता आणि त्यागराज तिरुनीलक्कुडीच्या देवळात तेलाचा अभिषेक करायला गेले. गळ्यात विष धरलेल्या त्या महादेवाला तिथे तेल वाहतात. येताना रिक्षा कालव्याच्या कडेने आली. स्टीलची भांडी करणाऱ्या एका मोठ्या शेडच्या मागे निळी पिंपं ओळीने उभी होती, आणि वाऱ्यावर तोच वास आला. वसंताने रिक्षा थांबवायला लावली. शेडमधून एक सिमेंटचा पाइप कालव्यात उतरला होता. पाइपाच्या तोंडाशी साबणासारखा फेस होता. तो पाण्याबरोबर फुटत फुटत पुढे जात होता.

"काय झालं गे?" त्यागराजने विचारलं.

"काही नाही. चला."

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितलं. सर म्हणाले, "वास हा पुरावा नाही. आणि पुरावा असता, तरी आपलं तोंड बंद आहे."

मणीचं तळं त्याच कालव्यावर, तीन मैल खाली. वसंताने फोन हातात घेतला. मग खाली ठेवला, आणि कागद-पेन्सिल घेऊन बसली. कालवा किती रुंद, किती खोल, पाणी किती वेगाने वाहतं. दिवसाला एक पिंप धरलं, तर मणी तळ्यात पाणी घ्यायला जी फळी उचलतो तिच्यापाशी पोचेपर्यंत प्रमाण किती उरेल? तिने तीनदा हिशेब केला. तिन्ही वेळा उत्तर सुरक्षित आलं. मासे मरतील त्याच्या कितीतरी खाली. तिला इतकं हायसं वाटलं, की तो कागद तिने घडी करून पर्समध्ये ठेवला. नोकरी जाईल असं काही करायचं नाही, आणि मणी अण्णांचंही काही बिघडायचं नाही. दोन्ही गोष्टी एका आकड्यात बसल्या होत्या.

फक्त तिने पाणी वाहतं धरलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी कालव्याच्या एका भिंतीला भगदाड पडलं. दुरुस्तीसाठी वरून पाणी बंद झालं. बारा दिवस कालव्यात नुसती डबकी राहिली. शेडचं काम चालूच होतं. बारा दिवसांचा फेस पाइपाखालच्या डबक्यात साचत राहिला. तेराव्या दिवशी पाणी सुटलं, तेव्हा वाट पाहून कंटाळलेल्या मणीने पहाटेच तळ्याची फळी उचलली. पहिला लोंढा त्याच्याकडे आला.

सकाळी सातला त्याचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "वसंताम्मा, तुम्ही या. तुम्हाला माशांचं कळतं."

ती पोचली तेव्हा तळ्याचं पाणी दिसत नव्हतं. सगळीकडे पांढरी पोटं. शिवकामी काठावर पदराने तोंड दाबून बसली होती. मणी विहिरीपाशी होता. लग्नकार्यात भात शिजवायचं मोठं पितळी पातेलं त्याने विहिरीच्या पाण्याने भरलं होतं आणि त्यात त्याची जुनी मादी धरली होती, अकरा वर्षांची, हातभर लांब, जिच्या एकटीच्या अंड्यांतून अर्धं तळं भरायचं. तिच्या कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून तो तिला दोन्ही हातांनी पुढे-मागे, पुढे-मागे करत होता.

"मघाशी तोंड हलवलं हिने," तो म्हणाला. "तुम्ही बघा."

वसंता खाली बसली. तिचं बोट आपोआपच शेपटीच्या मुळाशी गेलं. तिने दाबलं. परत दाबलं. कल्ला उचलून पाहिला. चिकट पांढरा थर. आणि पातेल्यातल्या पाण्याला आता हलकासा लिंबाचा वास होता.

"सोडा अण्णा."

"मघाशी हलवलं होतं."

"गेली ती. सोडा आता."

त्याने सोडली नाही. तो तिला तसाच पुढे-मागे करत राहिला, आणि थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाला, "कशाने झालं?"

वसंताला खोटं बोलता आलं असतं. गरमीने झालं, हवा कमी पडली, कालवा तुंबला होता. मणीने विश्वास ठेवला असता. तो तिच्या कुठल्याही शब्दावर विश्वास ठेवायचा.

"भांड्यांच्या शेडमधून एक औषध कालव्यात सोडतात," ती म्हणाली. "ते ऑगस्टमध्ये मी तपासलं होतं."

मणीचे हात थांबले.

"आमच्या माशांवर?"

"हो."

"मेले?"

"सगळे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मी हिशेब केला होता अण्णा. इथपर्यंत पोचणार नाही असं वाटलं. मला सही..."

मणी अगदी शांतपणे म्हणाला, "तुम्ही म्हणाला होतात, इथे दहा मरतात म्हणून तिथले वाचतात. बावीस वर्षं मी देत आलो. दर पंधरवड्याला. कोणाच्या वाचण्यासाठी दिले मी?"

ओरडला असता तर बरं झालं असतं, असं वसंताला पुढे कित्येकदा वाटलं.

त्या दिवशी तिने तळ्याचं, कालव्याचं आणि पाइपाखालचं पाणी वेगवेगळ्या काचेच्या बाटल्यांत भरलं, वेळ आणि जागा लिहून चिकटवली, आणि प्रदूषणाच्या सरकारी कचेरीत नेऊन दिलं. सोबत स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र: चारशे सतरा नंबरच्या बाटलीचा आकडा, तारीख, खाली पूर्ण नाव आणि सही. पर्समधला तो घडी केलेला कागदही तिने जोडला, स्वतःच्या चुकीसकट. कारकुनाने विचारलं, "हा कशाला?" ती म्हणाली, "असू द्या. हाही त्यातलाच आहे."

आठवड्याभरात सेतू सरांनी तिला बोलावलं. त्यांचे डोळे लाल होते. "मला पर्याय ठेवला नाहीत तुम्ही," ते म्हणाले.

"नाही ठेवला, सर." तिने राजीनामा टेबलावर ठेवला.

शेडला दोन महिने कुलूप लागलं. मग पाणी शुद्ध करायची टाकी बसली, पिंपं बदलली, फेस गेला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यागराजने त्या तिला वाचून दाखवल्या आणि म्हणाला, "बघ, तुझ्यामुळे झालं हे." ती भाजी चिरत होती, तशीच चिरत राहिली.

"उशिरा झालं," ती म्हणाली. "सप्टेंबरात पत्र लिहिलं असतं तरी नोकरी तेवढीच जाती."

त्यागराजने तिच्या पुढ्यातली विळी स्वतःकडे ओढली आणि उरलेली भाजी स्वतः चिरायला घेतली.

फेब्रुवारीत ती बसने तिरुनीलक्कुडीला गेली. कुंभकोणमजवळच्या एका सरकारी तलावातून मणीला माशांचं बीज मिळेल, तशी व्यवस्था तिने ओळखीतून केली होती. त्या व्यवस्थेचा कागद तिच्याजवळ होता. शिवकामीने ताक आणून दिलं. मणी पडवीत बसून गायीबद्दल बोलला, धाकट्या जावयाच्या बदलीबद्दल बोलला, देवळाच्या उत्सवाबद्दल बोलला. तळ्याचं नाव त्याने काढलं नाही. कागद त्याने दोन्ही हातांनी घेतला, वाचला, आणि परत दिला.

"आता नको मॅडम," तो म्हणाला. "वय झालं."

मॅडम हा शब्द त्याने अगदी आदराने उच्चारला. वसंताने ताकाचा पेला खाली ठेवला. तो अर्धा भरलेला होता.

तेवढ्यात मातीने भरलेला ट्रॅक्टर आवाज करत मागच्या बाजूला वळला. मणी उठला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि ड्रायव्हरला जागा दाखवायला गेला. अर्धं तळं आधीच बुजलं होतं. कडेला केळीचे कोंब लावायला खड्डे खणून ठेवले होते. तो हाताने खूण करत होता, अजून मागे, अजून थोडं मागे. ट्रॉली वर उचलली गेली, माती सरकन खाली गेली आणि उरलेलं पाणी काठावर चढून त्याच्या पायांपर्यंत आलं.

"चहा ठेवू का?" शिवकामीने विचारलं.

"नको," वसंता म्हणाली. "पाच वाजताची बस आहे."

ती बसथांब्यावर पोचली तेव्हा साडेतीनच वाजले होते. तिथल्या सिमेंटच्या बाकावर ती पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली, आणि मध्ये कुंभकोणमच्या दोन बसगाड्या येऊन गेल्या तरी उठली नाही.