दोन ग्राउंड आणि एक ‘चालेल’

वायरिंग तपासायला आलेला इन्स्पेक्टर शिडीवरून उतरला आणि म्हणाला, “ही केबल कुणी अप्रूव्ह केली?”

अमेरिकेतल्या शॉमबर्गमधलं रेवाचं नवं डेंटल क्लिनिक. चार खोल्या, भिंती अजून उघड्या, वायरिंग पूर्ण. इलेक्ट्रिशियन डेव्ह माझ्याकडे बघत होता. मी शिडीकडे.

रेवा माझा मित्र अविनाशची मुलगी. ती इथेच वाढली. तो रिटायर होऊन नागपूरला परतला. उद्घाटनासाठी मुद्दाम आला होता, आणि त्याचं परतीचं तिकीट पक्कं होतं. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर; वायरिंगची ड्रॉइंग्ज माझी होती.

ग्राउंड म्हणजे आपलं अर्थिंग. यंत्र बिघडलं तर करंट माणसातून न जाता परत जावा म्हणून दिलेली वाट. ऑफिसात अशी एक पुरते. पेशंटच्या खुर्चीपाशी दोन लागतात: एक हिरवी तांब्याची तार, दुसरी केबलचं धातूचं आवरण. आ वासून पडलेला माणूस झटकन बाजूला होऊ शकत नाही, म्हणून. साध्या केबललाही आवरण असतं, पण ते ग्राउंड म्हणून धरत नाहीत. हेल्थकेअर केबलचं धरतात. ड्रॉइंगवर मी स्वतः तसं लिहिलं होतं.

ती केबल मिळेना, तेव्हा रेवाचा फोन आला. मी ग्रोसरीच्या लाइनमध्ये होतो.

“काका, डेव्हने दुसऱ्या केबलचा फोटो पाठवलाय. चालेल?”

फोटोत आवरण दिसलं, हिरवी तार दिसली. “चालेल,” म्हणालो आणि दुधाचा कॅन काउंटरच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवला.

चहात साखर कमी पडली तरी आपण चालेल म्हणतो. रेवाने डेव्हला कळवलं, ‘इंजिनियरने अप्रूव्ह केलंय.’

आता इन्स्पेक्टरला मी म्हणालो, “ड्रॉइंगवर तर बरोबर लिहिलंय.” खोटं नव्हतं ते. तो डेव्हला झापू लागला. मी गप्प राहिलो. याची मला आजही लाज वाटते, केबलपेक्षा जास्त.

डेव्हने मुकाट्याने फोन काढून रेवाचा मेसेज दाखवला. ती हळूच म्हणाली, “काका, यू सेड चालेल. आय थॉट दॅट मीन्स येस.” स्वतःचंच मराठी चुकलं, असं तिला वाटत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मीच अप्रूव्ह केली,” मी म्हणालो.

चारही खोल्यांतली केबल उपसली. नवी यायला आठवडे लागले. तोवर अविनाशची जायची तारीख आली. एअरपोर्टवर मी माफी मागितली, तर खांद्यावर थोपटत म्हणाला, “चालेल रे.” माझ्याने वर बघवलं नाही.

रेवाने फीत कापली तेव्हा तो फोनच्या स्क्रीनवर होता. मध्येच नेटवर्क गेलं.

डेव्ह अजून माझ्याबरोबर काम करतो. काही बदलायचं असलं की फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, ‘येस, की चालेल?’ मग मी वायरिंगच्या नियमांचं, कोडचं पुस्तक उघडतो.